छिमेचं जन्मगाव

छिमेनं कागद बापाच्या पुढ्यात ठेवला आणि त्यावर त्याचा चष्मा ठेवला. पाल्देननं चष्मा उचलून बाजूला केला. कागदाला हातही लावला नाही.

"वाचून त पाहा, पा-ला," छिमे म्हणाली. बापाला ती अशी तिबेटीतच हाक मारी. बाकीचं बोलणं आज मराठीत चाललं होतं, कारण समोर गोठणगावची निर्मलाबाई बसली होती आणि तिच्यादेखत तिला न कळणारं बोलणं या घरात कधी झालं नव्हतं.

"वाचलं काल," चौऱ्याऐंशी वर्षांचा पाल्देन म्हणाला. "मी सही नाही करत."

कागद तसा साधाच होता. माझी मुलगी छिमे हिचा जन्म १९७२ साली गोठणगावजवळच्या तिबेटी वसाहतीत झाला, एवढंच बापानं शपथेवर सांगायचं होतं. पण छिमेच्या नोंदणीच्या दाखल्यावर जन्मठिकाण होतं तिबेटातलं एक गाव. पाल्देनचं गाव. छिमेनं ते कधी पाहिलं नव्हतं. पाल्देननंच ते हौसेनं लिहून घेतलं होतं, उद्या देश परत मिळाला तर पोरीला तिथं कुणी परकी म्हणू नये म्हणून. देश काही मिळाला नाही, पोर मात्र त्रेपन्न वर्षांची झाली. आता तिची लेक डेचेन बेल्जियममध्ये पोटुशी होती, दिवस भरत आले होते. निर्वासितांचं पिवळं प्रवासपुस्तक मिळेपर्यंत ते बाळ चालायला लागलं असतं. जन्म इथला ठरला, तर त्या सालच्या जन्मामुळं छिमे कायद्यानं भारतीयच ठरत होती आणि भारताचा पासपोर्ट लवकर हातात पडणार होता.

"काऊन जी बाबाजी, जिथं झाली तिथलं लिवाले तुमचं काय जाते?" निर्मलाबाई म्हणाली. "माह्या सासूनं बाळंतपण केलं छिमेचं. ते बिचारी त वर गेली. आता तिले साक्षीले बोलावू का?"

एरवी निर्मलाबाईनं तोंड उघडलं की पाल्देन हसायलाच लागे. आज हसला नाही.

"हे लिवलं का मंग छिमे तिथली नाही राहत," तो म्हणाला. "आमच्यापाशी ते गाव कागदावरच होतं. तेवढंच होतं."

छिमेला बापाची दया आली आणि रागही आला. लेकीच्या पहिल्या बाळंतपणाला आईनं जाऊ नये, हा कुठल्या देशाचा कायदा? पण तिनं वाद घातला नाही. कागदाची घडी करून फळीवर ठेवली.

"राहू द्या. डेचेनले सांगतो, नाही जमत म्हणून."

मग आत जाऊन तिनं घासलेलीच भांडी पुन्हा घासली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाल्देन घरात नव्हता. फळीवरचा कागदही नव्हता. म्हाताऱ्यानं तो फाडून तळ्यात टाकला असणार, असं छिमेच्या मनात आलं. तेवढ्यात निर्मलाबाई धापा टाकत आली.

"अवो, तुहा बाप गजेंद्रच्या ऑटोत बसून अर्जुनीले गेला! भर मे महिन्यात तो लोकरीचा लांब कोट घालून! लगनाले जाऊन राहिला का काय?"

दोघी अर्जुनीच्या तहसील कचेरीत पोचल्या तेव्हा पाल्देन कडुलिंबाखाली अर्ज लिहिणाऱ्या भुपेंद्रसमोर बसला होता. कोटाची सगळी बटणं लावलेली, कपाळावरून घाम ओघळत होता. भुपेंद्र लॅपटॉपवरचे हात आवरून बसला होता.

"एवढं नाही लागत बाबाजी. साल आन् गाव, बस."

"लिव तू," पाल्देन म्हणाला. "जुलै होता. तंबू गळून राहिला होता. गोठणगावची शामकला दाई आली, या निर्मलाबाईची सासू. बाळ झाल्यावर तिनं वार माह्या हातात देल्ली, म्हणे पुरून या. आम्ही याक चारणारे. माती खोदणं आमच्यात पाप. सडकेच्या कामावर मी दगड फोडले, पण खोदाले हात नाही लावला. त्या दिवशी खोदलं, तंबूच्या मागं. या देशातली माही पहिली खोदाई."

त्रेपन्न वर्षांत छिमेनं हे कधी ऐकलं नव्हतं. तिला रडू आलं आणि तिनं ते लपवलं नाही. निर्मलाबाईनं पदरानं डोळे पुसले आणि उन्हाला शिव्या दिल्या.

"मंग आधी खोटं काऊन लिवलं होतं?" भुपेंद्रनं विचारलं. "ते बी सांगा लागते."

"खोटं नाही. तवा वाटलं, दोन सालात जाऊच."

भुपेंद्रनं त्याच्याकडे पाहिलं. मग खाली मान घालून 'नजरचुकीने' असं टाइप केलं आणि कागद छापून पुढं केला. पाल्देननं खिशातून चष्मा काढला, आपल्या लिपीत सावकाश सही केली आणि कागद छिमेच्या हातात दिला.

"पोरीचं झालं," भुपेंद्र म्हणाला. "तुमच्या बी नागरिकत्वाच्या अर्जाचं पाहू का बाबाजी? लय सालं झाले तुमाले इथं."

पाल्देननं नकारार्थी मान हलवली.

"माह्यं तिबेटीच राहू दे." तो छिमेकडे पाहून बोलत होता, आवाजात राग नव्हता. "सगळेच इकडं आले, त तिकडं कोण राहीन?"