अडकवलेल्या बाह्या

बोचकं सोडून सगळ्यात वरचा निळा शर्ट हातात घेतला तेव्हा इस्त्रीवाली चक्क गुणगुणत होती. शर्ट झटकला, तर बाह्या सुटेनात. डाव्या कफाचं बटण उजव्या कफाच्या काजात अडकवलेलं होतं. पाठीमागे हात बांधून एखाद्याला उभं करावं, तसा तो शर्ट तिच्यासमोर लोंबत राहिला. तिचं गुणगुणणं थांबलं. तिनं दुसरा शर्ट काढला, तोही तसाच. तिसराही तसाच.

कफ एकमेकांत अडकवायची ही तऱ्हा तिनं उभ्या जन्मात एकाच घरात पाहिली होती. लग्न होऊन त्या घरात गेली, तेव्हा सासूनं पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. शर्ट धुतला की बाह्या अशा अडकवायच्या, म्हणजे वाळताना वाऱ्यानं दुसऱ्या कपड्यांत गुंतत नाहीत. एकदा ती विसरली. तेव्हा नवऱ्यानं तिला जे शिकवलं, ते शिकवणं दंडावर बरेच दिवस निळं-जांभळं दिसत होतं.

"अहो बाई, कपडे गरम करायचेत, भाजायचे नाहीत!" लाँड्रीचे मालक पुढच्या गल्ल्यावरून ओरडले. तिनं धावत जाऊन इस्त्री उचलली. उशीच्या अभ्र्यावर छान तपकिरी त्रिकोण उमटला होता. एरवी मालकांचा शब्द तिला लागला असता, पण आज तो कानापर्यंत पोचलाच नाही. जिथे हे शर्ट तिथे सासू, आणि जिथे सासू तिथे तो. एवढं गणित करायला फार शिकलेलं असावं लागत नाही.

ठकी रांगत होती तेव्हा तिनं ते घर सोडलं. ठकी म्हणजे तिची मुलगी. खरं नाव शाळेपुरतं, घरात ठकीच. एका दुपारी नवरा बाहेर गेला होता. सासू स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात तांदूळ निवडत बसली होती. ही मुलीला कडेवर घेऊन, खांद्याला पिशवी लावून तिच्यासमोरून निघाली, आणि सासूनं मान वर केली नाही. मान वर केली नाही म्हणजे पाहिलं नाही असं थोडंच असतं? सासूची नजर तांदळातला खडा सोडत नव्हती, ती सून काय सोडणार! आता सासू बोंब मारणार, आता तो मागे लागणार, या भीतीनं तिनं बसमध्ये मुलीला इतकं घट्ट धरलं की पोर रडायला लागली. पण तो आला नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, तशी ती तरीही पळत राहिली. गावं बदलली, खोल्या बदलल्या, आणि शेवटी या शहरात टेकली.

तेव्हापासून रोज संध्याकाळी दिवा लावल्यावर ती हात जोडायची. "देवा, तू त्याचे डोळे झाकलेस म्हणून आम्ही आहोत. उपकार झाले." मागणं काही नाही, नुसते आभार. ठकी आता चांगली उंच झाली होती आणि तिची जीभ तिच्याहून उंच झाली होती. ती म्हणायची, "आई, नळाला पाणी नाही, छत गळतंय, आणि तू आभार कसले मानतेस? देवाला वाटेल, हिला एवढ्यातच भागतं." आई हसायची. तिचं एवढ्यात खरंच भागत होतं.

दुपारी लाँड्रीची गाडी आली. गाडीवाल्याला सगळे रेडिओ म्हणत, कारण तो एकदा सुरू झाला की बंद करायचं बटण कुणाला सापडत नसे. तिनं शर्टांच्या घड्या घालत, मान खाली ठेवून विचारलं, "हे निळे शर्ट कुठले हो?"

"ते? पाण्याच्या टाकीसमोरची पिवळी इमारत, सगळ्यात वरचा मजला. म्हातारी देते. घरी धुते आणि नुसती इस्त्रीला देते. मुलगा ट्रकवर असतो. माणूस कसला, निवडुंग आहे! कॉलरीला इस्त्रीचा चट्टा पडला म्हणून मागे माझ्यावर डाफरला. आता म्हणतोय, ट्रकवरून परत आलो की मीच दुकानात येतो आणि कोण इस्त्री करतो त्याला बघतो."

तिच्या हातातली घडी मोडली. "कधी परत येणार?"

"शनिवारी म्हणत होती म्हातारी. घाबरू नका हो, आम्ही आहोत ना!"

शाळा सुटली की ठकी रोज लाँड्रीत येत असे. पुढच्या पायरीवर बसून, येणाऱ्या-जाणाऱ्या गिऱ्हाइकांची नक्कल करत ती अभ्यास उरकायची. चेहरा तर बापाचाच घेऊन आली होती, तेच कपाळ, तीच हनुवटी. त्याला आत यायचीही गरज पडली नसती. पायरीवरच त्याला त्याचं सगळं सापडलं असतं.

त्या संध्याकाळी तिनं दिवा लावला, हात जोडले, आणि तोंडातून शब्द फुटेना. इतकी वर्षं ज्याचे आभार मानले, त्याला आता काय म्हणायचं? झाकलेले डोळे उघडलेस का रे, असं? दारावर थाप पडली. ठकी उठणार, तोच तिनं तिला मागे ओढलं. बाहेरून शेजारीण ओरडली, "अहो, साखर आहे का वाटीभर?"

साखर घेऊन शेजारीण गेली. ठकी आईकडे बघत उभी राहिली. "काय झालंय?"

"काही नाही."

"मग आज आभार का नाही मानलेस?" ती जवळ आली. "आपण पुन्हा घर बदलतोय ना? आधीच सांगते, मी येणार नाही. मला इथे पहिल्यांदा मैत्रीण मिळालीय. आणि आपण कुणाला घाबरून पळतो, तेही तू सांगत नाहीस."

रात्रभर छताकडे बघत तिनं एकच विचार केला. पळायचं तर ठकी तुटते, राहायचं तर शनिवार येतो. उरलं एकच. तो यायच्या आत सासूला गाठायचं. पाया पडायचं, नाहीतर धमकी द्यायची, त्या क्षणी जे जमेल ते. तुमच्या मुलाला दुकानात येऊ देऊ नका, एवढंच मागायचं. ज्या बाईनं कधी तिच्या बाजूनं अक्षर काढलं नव्हतं, तिच्याकडे मागायचं. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, पण ही काडी नेहमी डोळ्यातच गेलेली.

सकाळी ठकी शाळेत गेल्यावर ती तयार कपड्यांच्या गठ्ठ्यासोबत गाडीत बसली. रेडिओला म्हणाली, कॉलरीबद्दल मीच माफी मागते. त्याला ते फार पटलं. वाटेत तो माफीचे फायदे सांगत होता. तिचे हात मांडीवरच्या गठ्ठ्यात रुतले होते.

पिवळ्या इमारतीच्या जिन्यात ओल्या भिंतींचा वास होता. वरच्या मजल्यावर पोचल्यावर तिनं हळूच दार वाजवलं.

दार उघडलं ते अर्धंच. सासू किती लहान झाली होती! उजवं मनगट वाकडं जुळलेलं होतं आणि त्या हातानं तिनं दाराची कड धरली होती. मग सासू कुजबुजली, आणि तिच्या आवाजात राग होता.

"अगं बाई, तू इथे कशाला आलीस?"

"अहो आई, मला तुमच्याशी—"

"हळू बोल! तो आत झोपलाय. ट्रक बिघडला, काल संध्याकाळीच परत आला."

दाराशेजारी मोठे, चिखलानं माखलेले बूट होते. ते तिला आता दिसले.

"ते घरी आहेत?" इतकं सगळं होऊनही जिभेला 'ते'च सुचलं.

"बाह्या बघितल्या नाहीस?" सासूनं दाताखाली शब्द चावला. "मागच्या महिन्यात मी कपडे द्यायला दुकानात आले, तेव्हा काचेतून तुला पाहिलं. तशीच मागे फिरले. म्हटलं, राहू दे, सुखात आहे. आता हा तुमच्या दुकानात यायचं म्हणतोय. तुला कळवू कसं? म्हणून एरवी इस्त्रीला देताना सोडते त्या बाह्या या खेपेला अडकवून पाठवल्या. बघशील, ओळखशील आणि पळशील. आणि तू शहाणी, वाघ कुठे आहे हे कळल्यावर गुहेतच आलीस!"

"तुम्ही मला पळायला सांगत होता?"

"मग काय, चहाला बोलवत होते?"

"पण त्या दिवशी तुम्ही... मला वाटलं, तुम्ही पाहिलंच नाही."

"पाहिलं नाही कसं? पोरीच्या एकाच पायात मोजा होता." सासू थांबली. आतून घोरण्याचा आवाज येत होता, तो तिनं ऐकला आणि मगच बोलली. "त्याला म्हटलं, माहेरच्या दिशेनं गेली. तू उलट्या बाजूला गेलीस हे मी खिडकीतून पाहिलं होतं. तो तिकडे जाऊन हात हलवत परत आला. मग मला विचारत बसला." तिनं वाकडं मनगट खाली घेतलं. "त्यानंतरही अधूनमधून विचारतो. मी तेच सांगते."

इतकी वर्षं रोज संध्याकाळी ज्या झाकल्या डोळ्यांचे आभार मानले, ते झाकून धरणारा हात हा होता.

आतलं घोरणं थांबलं.

"कोण आहे गं?" तोच आवाज, जाड आणि झोपेतला.

"इस्त्रीवाली," सासू मोठ्यानं म्हणाली. "कपडे घेऊन आलीय."

"थांबव तिला. मला बघायचंय तिच्याकडे."

खाट करकरली. सासूनं गठ्ठा हिसकावून घेतला आणि वाकड्या हातानं तिला जिन्याकडे ढकललं. "जा. मागे बघू नकोस. जा!" आणि ती दाराकडे वळली, मान खाली घालून. त्या दुपारी तांदळाच्या सुपावर घातली होती, अगदी तशी.

इस्त्रीवाली दोन पायऱ्या उतरली. तिसऱ्या पायरीवर तिचा पाय अडला. आत चप्पल शोधत असल्याची फरफर ऐकू येत होती. ती घाबरली नव्हती असं कुणी म्हणेल तर ते धादांत खोटं. तरी ती वळली, वर आली, सासूच्या हातातला गठ्ठा आत फेकला आणि तिला दंडाला धरून बाहेर ओढलं. दार ओढून घेतलं. बाहेरची कडी गंजलेली होती, सरकेना. पावलं दाराशी आली. दोघींनी मिळून ती कडी रेटली, तिच्या दोन हातांनी आणि सासूच्या एका धड हातानं, आणि ती बसली.

दार आतून हादरलं. "आई! कडी कुणी लावली? आई!"

"चला," ती म्हणाली.

"माझी चप्पल आत—"

"राहू दे!"

म्हातारी अनवाणी पायांनी जिना उतरली. वरून दारावर लाथा बसत होत्या, मजल्यामजल्यावर लोक डोकावत होते, आणि ती सुनेच्या हाताला लोंबकळत उतरत होती. गाडीत दोघी कोसळल्या तेव्हा रेडिओनं तोंड उघडलं, दोघींकडे पाहिलं आणि प्रथमच न बोलता गाडी सुरू केली. बराच पुढे गेल्यावर, दोघींच्या तुटक बोलण्यातून सगळं कळल्यावर मात्र त्यानं मालकांना फोन लावला. "एक ट्रकवाला येईल. त्याला सांगा, इस्त्रीवाली काम सोडून गेली. कुठे ते माहीत नाही. हो, आणि तो गेला की आजचा दिवस दुकान बंदच ठेवा." मग मागे न बघता तो म्हणाला, "माझी बहीण दुसऱ्या गावी आहे. खोली रिकामी आहे तिची. आज पोचवतो."

सासूचा हात सुनेच्या हातात होता आणि दोघींनाही तो सोडवत नव्हता. "आता तो शोधेल गं. मी होते म्हणून तो माझ्यावर भागवायचा."

"अहो आई," ती रडत होती आणि पुसत नव्हती. "मी रोज देवाचे आभार मानत होते. तुमचं नाव एकदाही घेतलं नाही. उलट..."

"मग मान की त्याचेच." म्हातारीनं डोळे मिटले. "मी जन्मात मुलासमोर खोटं बोलले नव्हते. भीतीनं जीभ टाळ्याला चिकटायची. त्या दिवशी खोटं निघालं ना तोंडातून, ते माझं नव्हतंच. मीसुद्धा रोज देवाचेच आभार मानते."

शाळेच्या फाटकाशी तिनं ठकीला बोलावून घेतलं. ठकी दप्तर सावरत आली. गाडीतल्या कपड्यांच्या ढिगात आई, आणि आईशेजारी अनवाणी म्हातारी. तिनं एकदा आईच्या सुजलेल्या डोळ्यांकडे पाहिलं, एकदा म्हातारीच्या मनगटाकडे.

"या कोण?"

"तुझी आजी."

ठकीनं ओठ घट्ट मिटले. आपण कुणापासून पळतो हा तिचा प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर त्या मनगटावर होतं. तिनं वळून शाळेच्या इमारतीकडे पाहिलं, कुणीतरी खिडकीतून हात हलवला, तिनंही हलवला. हनुवटी थरथरली तशी तिनं ती दप्तराच्या पट्ट्यात खुपसली. मग गाडीत चढली, खेळाचे बूट काढून म्हातारीच्या पायाशी ठेवले. लहानच होते. म्हातारीनं टाचा बाहेर ठेवून ते घातले.

"पळता येतं का तुम्हाला?" ठकीनं विचारलं.

"आजच शिकले," आजी म्हणाली.