खिळा निघाला, मग भोक कुठी?

"बाबा, खिळा छातीतून निघाला, तर भोक कुठी गेलं?"

मी हे विचारणार नाई, अशी माझ्या मैत्रिणींची, सुलताना आणि मंगलीची, पैज होती. विचारलं! भर चावडीपुढे, सगळ्या गावासमोर.

खिळेबाबांनी डोळे फिरवले. "देवाच्या हाताले भोक लागत नाई, पोरी. सरकारी फोटो खोटा बोलते का?"

जयजयकार! फोटो क्ष-किरणांचे, चांद्याच्या इस्पितळात काढलेले, माझ्या कमळाताईच्या छातीचे. पहिल्यात बरगड्यांमध्ये पांढराशुभ्र खिळा. करणीचा, म्हणे. बाबांनी ताईला राख फासली, 'हुं फट्' केलं आणि मुठीतून खिळा काढला. मूठ आधीपासूनच बंद होती, पण मुठीकडे पाहतो कोण! दुसऱ्या फोटोत खिळा गायब. ताईचा खोकला मात्र तसाच. वर बाबांची ताकीद: आता दवाखान्याची पायरी चढली, तर खिळा परत येईल.

मी दोन्ही फोटो उचलले आणि मूल गावचा दवाखाना गाठला. चांद्याहून आलेल्या डॉक्टर मलिकाबाई तिथे तीन नव्या डॉक्टरांना फोटो वाचायला शिकवत होत्या. त्यांनी ताईचा पहिला फोटो खिडकीच्या काचेला लावला.

"काय दिसते?"

"खिळा!" तिघेही एका सुरात.

"आणखी?"

"मोठा खिळा, बाई."

"शाबास! बाबाचे चेलेच व्हा. अरे, चमकते ते शेवटी पाहायचं. आधी हाडं, मग हृदय, मग दोन्ही फुप्फुसं ताडून."

एकाचं बोट गळ्याच्या हाडाखाली थांबलं. पिंजलेल्या कापसासारखा डाग. दुसऱ्या फोटोतही तोच, पण मोठा.

"क्षय," तो पुटपुटला.

"अन् खिळा?" मी विचारलं.

"फोटो म्हंजे सावली, बेटा," मलिकाबाई म्हणाल्या. " पाठीवरचं अन् छातीतलं एकाच जागी पडते. पाठीवर काय होतं तिच्या?"

वेणी! नजर लागू नये म्हणून बाबांनीच बायांना वेणीत खिळा गुंफायला लावला होता. फोटोच्या वेळी ताईनं पोत काढली, पाटल्या काढल्या. वेणीतला खिळा काही दागिना नव्हे! दुसऱ्या फोटोआधी बाबांचा हुकूम: आता खिळा काढा, अंबाडा बांधा. वा रे देवाचा हात!

दुसऱ्या दिवशी चावडीपुढे उन्हात मी बाबांचंच पातळ उपरणं ताणून धरलं. सुलतानानं खिळा कधी पुढे धरला, कधी मागे. भिंतीवर सावली तीच.

"सांगा बाबा, समोर का मांगं? का उपरण्याच्या पोटात? काढा मंत्रानं!"

बाबांनी उपरणं ओढून घेतलं. म्हाताऱ्या रुखमाबाईनं वेणी सोडली आणि खिळा त्यांच्या पायाशी फेकला. ठण्! मग दुसरी, मग तिसरी.

लोकहो, चमकतं ते शेवटी पाहा. आधी ताप पाहा, खोकला पाहा. चमत्कार पाहायचाच असेल, तर आधी मूठ उघडायला सांगा.

घरी माझे आजोबा आबाजी हळूच म्हणाले, "क्षय म्हटल्यावर लोक पाणी तरी पितील का आपल्या घरचं?"

"न पिऊ देत," मी म्हणाले. "उद्याच्या मोटारीनं मी ताईला चांद्याला नेणार. सुया सुरू झाल्याशिवाय तिथून हलणार नाई. अन् आई, मॅट्रिक झाली का मी डॉक्टरकी शिकणार. माझ्या वेणीत आता फक्त रिबीन घाल."