धार जोरात सोडली तेव्हा

संभाजीनगरच्या प्रयोगशाळेत ज्ञानेश्वरी आनंदानं फिरत्या खुर्चीशीच फुगडी घालत होती. लघवीच्या मार्गाला संसर्ग करणारे जंतू काचेवरच्या पेशींना चिकटून राहावेत, म्हणून आठवडाभर तिनं पाण्याची धार अगदी मंद ठेवली होती, पण ते मेले भराभर निसटून जात होते. आज वैतागून तिनं धार जोरात सोडली. "जा, वाहून मरा!" तर एकेक जण मेंढराच्या कानातल्या गोचिडीसारखा रुतून बसला!

तेवढ्यात कन्नड गावाहून तिला न्यायला आलेली तिची आई, बानाबाई, दारात उभी राहिली. घरी खंडोबाचं जागरण होतं, खाली जीप थांबली होती.

"आई, बघ ना! ओढलं की जास्त घट्ट धरतात गं!"

"लई झालं तुझं. चल!" बानाबाईनं तिला दंड धरून ओढलं. ज्ञानेश्वरीनं टेबल धरलं. आईनं आणखी ओढलं, तशी तिनं टेबलाला मिठीच मारली.

बानाबाई दमली. तिनं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून पाहिलं, मग लेकीकडं पाहिलं, आणि दंड सोडला.

"ऱ्हा मग इथंच. मी नाय ओढत."

आई जिना उतरू लागली. ज्ञानेश्वरीनं धार मंद केली. जंतू सुटले.

"आई, थांब गं!" चपला हातात घेऊन तीही सुटली.