मशीन घरीच राहिलं

घरात कुणी घोरू लागलं की आपण काय करतो? हसतो. मुलं नक्कल करतात, मोठी माणसं ‘आली बघा मालगाडी’ म्हणतात आणि विषय तिथंच संपतो.

शिवमोग्ग्याच्या येसाजीरावांच्या घरीही कित्येक वर्षं असंच चाललं होतं. सरकारी लाकूड डेपोतून निवृत्त झालेला हा उंच, धिप्पाड माणूस जुन्या म्हैसूरच्या घोडदळातल्या घराण्याचा. पण पेपर वाचता वाचता त्यांची मान खाली पडायची, सकाळी डोकं जड असायचं आणि साध्या गोष्टीवरून चिडचिड व्हायची. शेवटी मुलगी यशस्विनी त्यांना हट्टानं डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टर म्हणाले, “झोपेत यांचा गळा आतून मिटतो आणि श्वास थांबतो. रात्रभरात पुन्हा पुन्हा थांबतो. हे मशीन लावूनच झोपायचं. घरी असा नाहीतर गावाला जा, खाडा करायचा नाही.”

जेवणाच्या डब्याएवढं मशीन, त्याला एक लांब नळी आणि नाकावर बसणारा मास्क. येसाजीराव ते लावून झोपू लागले आणि काही दिवसांतच माणूस बदलला. सकाळी उठून स्वतः कॉफी करू लागले, शेजारच्या पोरांना सायकल शिकवू लागले. मात्र त्यांच्या पत्नीनं, अंबुबाईंनी, मशीनची गोष्ट घराबाहेर जाऊ दिली नाही. पाहुणे आले की त्या मशीनवर जुना टॉवेल टाकायच्या.

पुढं यशस्विनीचं लग्न ठरलं. मुलगा म्हैसूरचा, अग्रहारात राहणारा. नाव तरुण. दोघं एकमेकांना मनापासून आवडले होते, रोज फोनवर बोलत होते. आता निश्चितार्थासाठी, म्हणजे साखरपुड्यासाठी, म्हैसूरला जायचं होतं.

या दोन्ही घराण्यांत एक जुनी रीत होती. मुलीकडची मंडळी आदल्या दिवशीच मुलाच्या घरी यायची आणि रात्री दोन्हीकडचे पुरुष बाहेरच्या खोलीत एकाच जाजमावर झोपायचे. मोहिमेवर एका तंबूत झोपलेली माणसं एकमेकांना दगा देत नाहीत, म्हणून ही रीत पडली, असं घरातली म्हातारी माणसं सांगत.

निघायच्या सकाळी येसाजीरावांनी मशीन पिशवीत भरलं. अंबुबाईंनी ते बाहेर काढलं.

“हे कशाला?”

“कशाला म्हणजे? झोपायला.”

“अय्यो, तिथं सगळे एका जाजमावर! तुम्ही त्यांच्यात सोंड लावून पडणार? मुलीच्या रक्तात रोग आहे म्हणतील. बेड, बेड, नको म्हणजे नको, ते न्यायचं नाही. एका रात्रीचं तर आहे. पूर्वी झोपत नव्हता काय?”

“नव्हतोच की,” येसाजीराव म्हणाले.

“अम्मा, डॉक्टरांनी काय सांगितलंय?” यशस्विनीनं विचारलं.

“डॉक्टरांना काय जातंय सांगायला? त्यांची मुलगी उजवायची आहे काय? तू सुम्ने बस, गप्प. आणि तिथं कुणी काही विचारलं तर तोंड उघडायचं नाही, सांगून ठेवते.”

येसाजीरावांनी मुलीकडे पाहिलं. तिच्यासाठी एक रात्र काढायला काय हरकत आहे, असं त्यांना वाटलं. मशीन कपाटावर गेलं आणि मंडळी रेल्वेनं म्हैसूरला आली.

स्वागत छान झालं. जेवणं झाली, गप्पा झाल्या, जाजम अंथरलं गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र घरातली मुलं तोंडावर हात दाबून हसत होती. “इंजिन अज्जा उठले! इंजिन अज्जा उठले!” येसाजीराव भिंतीला टेकून बसले होते. डोळे लाल, चेहरा सुजलेला, बोलणं जड. तरुणच्या ते लक्षात आलं. मागच्या दारी यशस्विनी फुलं निवडत बसली होती. तो तिच्याजवळ गेला.

“यशू, अप्पांना बरं नाही काय? डोळे बघ त्यांचे. डॉक्टरांना बोलावू?”

यशस्विनीनं वर पाहिलं. दारात अम्मा उभी होती.

“प्रवासाचा शीण आहे,” ती म्हणाली.

“एवढंच ना?”

“एवढंच.”

किती लहानसा शब्द! तो बोलताना तिला स्वतःलाही तो फारसा वाईट वाटला नाही.

मुहूर्त झाला. मुलीच्या बापानं देवघरातली घराण्याची तलवार दोन्ही हातांनी उचलून मुलाच्या आजोबांच्या हाती द्यायची आणि सर्वांसमोर शब्द द्यायचा, हा त्या घरातला मुख्य विधी. भटजींनी नाव पुकारलं. येसाजीराव उठले नाहीत. खांबाला टेकून, तोंड उघडं टाकून ते झोपले होते. कुणीतरी खांदा हलवला. ते दचकून उभे राहिले, तलवार उचलली, दोन पावलं चालले आणि त्यांचा तोल गेला. तलवार हातातून निसटून कलशावर पडली. नारळ घरंगळला, पाणी चौरंगावरून खाली वाहिलं.

 मग मागून एकजण म्हणाला, “काल रात्री कुठं बैठक झाली वाटतं!” दोघंतिघं हसले.

तरुणची आई सुष्मा पुढं आली. तिनं हलक्या आवाजात विचारलं, “अंबुबाई, खरं सांगा. हे घेतात काय?”

अंबुबाईंच्या डोक्यात त्या वेळी एकच विचार आला. आजार म्हटलं की रक्ताचा प्रश्न येतो, लग्न मोडतं. दारूचं काय, लढवय्यांच्या घरातला पुरुष आहे, एखाद्या दिवशी घेतली तर लोक हसतील आणि विसरतील.

“थोडी... कधीतरी,” त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. “लग्नाच्या आनंदात काल जरा जास्त झाली असेल. रोजची सवय नाही हो त्यांना!”

अरेरे! ज्या माणसानं आयुष्यात दारूच्या थेंबाला हात लावला नव्हता, त्याला त्याच्या बायकोनं भर सभेत दारुडा ठरवलं! येसाजीरावांनी वर पाहिलं. “अंबू...” एवढंच त्यांच्या तोंडून निघालं.

“थांबा!” तरुणचे आजोबा मालोजीराव उठले. जन्मभर प्राथमिक शाळेत मास्तरकी केलेले गृहस्थ. “हे खरं नाही. काल संध्याकाळपासून ते माझ्याबरोबर आहेत. रात्री मी त्यांच्या शेजारीच झोपलो होतो. झोपलो कसला, जागाच होतो. त्यांचं घोरणं मध्येच थांबायचं, छाती हलायची, पण श्वास येत नसे. मी त्यांच्या नाकापाशी बोटं धरून बघत होतो. मग एकदम हिसका बसून श्वास यायचा. बाई, हा माणूस प्यालेला नाही. याला झोप मिळालेली नाही.”

मुलं पुन्हा खुदखुदली. मालोजीराव रागावले नाहीत. त्यांनी दारावर सजावटीला लावलेला एक फुगा काढला, त्याची गाठ सोडली आणि तोंड बोटांत धरलं.

“इकडे या रे पोरांनो. तोंड थोडं ताणून धरलं तर काय होतं?”

फुगा किरकिरला. मुलं हसली.

“हे घोरणं. आता घट्ट दाबलं तर?”

आवाज बंद झाला.

“आता हसा बरं! आत हवा आहे, पण वाट बंद. माणसाचं असं झालं तर?”

एकही मूल हसलं नाही. एका लहान मुलीनं हळूच स्वतःच्या गळ्याला हात लावून पाहिला.

मालोजीराव अंबुबाईंकडे वळले. “यांना डॉक्टरांनी काही दिलंय काय?”

अंबुबाई म्हणाल्या, “मशीन दिलंय. मीच ते घरी ठेवायला लावलं. लोक काय म्हणतील म्हणून...”

“काय म्हणाले असते? फार तर पोरांनी चार प्रश्न विचारले असते, मी उत्तरं दिली असती. आपले पूर्वज घोड्यावर बसणारे. घोड्याला नाल ठोकतात, म्हणून तो लंगडा ठरतो काय? नाल ठोकतात तो लांब पळावा म्हणून! गळ्याची वाट उघडी ठेवायला मशीन लागतं, तर लागतं. त्यात लपवायचं काय? लपवलंत म्हणून माणूस बरा झाला नाही. उलट भलत्याच गोष्टीनं बदनाम झाला.”

सुष्मानं विचारलं, “अंबुबाई, नवरा आजारी आहे म्हणायला लाज वाटली आणि दारू पितो म्हणायला वाटली नाही?”

 या प्रश्नाचं उत्तर आपल्यापैकी किती जणांकडे असेल?

मालोजीरावांनी कलश पुन्हा मांडायला सांगितला. पण तरुण म्हणाला, “अज्जा, आज नको.” तो यशस्विनीसमोर जाऊन उभा राहिला. त्याच्या आवाजात राग नव्हता, म्हणून ते बोल जास्त लागले.

“तुझ्या अम्मा लोकांना घाबरून खोटं बोलल्या, ते मी समजू शकतो. पण सकाळी मी एकटा आलो होतो, काळजीनं विचारलं होतं. तू मला खोटं सांगितलंस.”

यशस्विनी रडू लागली. “मला सांगायचं होतं रे...”

“मग सांगायचं होतंस.”

त्यानं विचार करायला वेळ मागितला. महिन्याभरानं मालोजीरावांचा फोन आला. “पोराला फार समजावलं. पण एकदा गेलेला विश्वास मास्तरांनी शिकवून परत येत नाही, बाई. क्षमा करा.” 

येसाजीरावांनी घरात या गोष्टीचा उच्चार केला नाही. अंबुबाईंनीच एकदा रडत माफी मागितली, तेव्हा ते म्हणाले, “अंबू, माझा नवरा आजारी आहे म्हणाली असतीस, तर मी मान वर करून तिथं बसलो असतो.”

पुढं म्हैसूरलाच, सरस्वतीपुरममध्ये, एका नातेवाइकांकडे बारसं होतं. निश्चितार्थाला होती तीच भावकीतली माणसं तिथं जमणार होती. यशस्विनी आली नाही. तरुणचं लग्न दुसरीकडे ठरल्याचं तिच्या कानावर आलं होतं. अंबुबाईंनी मात्र या वेळी मशीन स्वतः बरोबर घेतलं, आणि यजमानांच्या घरात पाऊल ठेवल्याबरोबर सांगितलं, “यांच्या उशाशी एक प्लग पाहिजे. श्वासाचं मशीन लावायचं असतं.”

जेवणाच्या पंगतीत कुणीतरी येसाजीरावांना डोळा मारून म्हणालं, “काय येसाजीराव, आज कोरडंच?” पंगत हसली. अंबुबाई वाढत होत्या. त्यांनी हातातलं भांडं खाली ठेवलं.

“माझा नवरा पीत नाही. कधीच प्यायला नाही. त्यांना झोपेत श्वास थांबण्याचा आजार आहे. तो लपवायला त्या दिवशी मी खोटं बोलले. सगळ्यांनी ऐकून घ्या आणि मघाचं ते पुन्हा बोलू नका!”

 एक बाई पुटपुटली, “जाऊ दे हो, आता त्याचं काय?”

आता त्याचं काय! खरंच, आता उशीर झाला होता. दारूची गोष्ट गावोगाव पोहोचली होती, आणि हे खरं बोलणं त्या एका पंगतीपुरतंच राहिलं. पण पंगत उठल्यावर भावकीतले दोन पुरुष येसाजीरावांशेजारी येऊन बसले आणि दबक्या आवाजात त्यांनी डॉक्टरांचा पत्ता विचारला. त्यांच्याही घरी लोक नुसते हसत होते.

वाचकहो, आजार कुणाच्या रक्ताला बट्टा लावत नाही. तो लपवायला बोललेलं खोटं मात्र निरपराध माणसाला बट्टा लावतं आणि घरातल्या मुलांनाही खोटं बोलायला शिकवतं. आपलं माणूस गावाला निघालं, तर त्याचं औषध, त्याचं मशीन सर्वांच्या देखत बरोबर द्या. आणि मुलांनो, कुणी घोरताना दिसलं तर हसायच्या आधी एकदा विचारा, “तुमची झोप नीट होते ना?” यशस्विनीला तेव्हा खरं सांगता आलं नाही. तुम्हाला कुणी काळजीनं विचारलं, तर तुम्ही खरं सांगा. त्याच दिवशी सांगा.