उंबऱ्याबाहेरचा बाक

मित्रांनो, मी एक जुना लाकडी बाक आहे आणि माझा एक पाय जन्मापासून आखूड होता. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण माझ्यावर पहिल्यांदा बसणारा हमखास दचकायचा.

मला एका सुताराने घडवलं. रंधा मन लावून मारला, पण चौथा पाय कापायच्या दिवशी स्वारी दारू पिऊन आली होती. माप चुकलं. त्याने मला तसंच नेऊन थोरल्या बहिणीच्या शिवणाच्या दुकानापुढे ठेवलं. गिऱ्हाइकं माझ्यावर बसून डुलायची आणि हसायची. मला वाटायचं, माझं कौतुकच चाललंय!

एक दिवस सुतार पिऊन दुकानात शिरला. "ताई, मी मदत करतो," म्हणत त्याने इस्त्री उचलली, एका नवरदेवाच्या कोटावर ठेवली आणि तिथेच पेंगला. कोटाला पाठीवर इस्त्रीएवढं भोक पडलं. ताईची चिमुरडी हातभर अंतरावर खेळत होती. कोटाचं ताईने निभावून नेलं, पण ते हातभर अंतर तिला काही केल्या विसरता येईना.

दुसऱ्या दिवशी तिने त्याला सांगितलं, "प्यायलेला असलास की बाकावर बसायचं. चहा देईन, जेवायला देईन, गप्पा मारीन. पण उंबरा ओलांडायचा नाही."

अशी माझी बढती झाली! तो आला की भाची दारातून विचारायची, "मामा, आज बाकावर की आत?" प्यायलेला असला की तो माझ्यावर टेकायचा, मी डुगडुगायचो आणि त्याचा चहा सांडायचा.

"कोणत्या गाढवाने केलाय हा बाक?"

"तूच केलायस, मामा!"

एका दुपारी धो धो पाऊस लागला. "सख्खा भाऊ भिजतोय गं बाहेर!" तो ओरडू लागला. ताईचा हात दोनदा कडीपर्यंत गेलेला मला दाराच्या फटीतून दिसला. माझा जीव वरखाली होत होता. तिने त्याला आत घेतलं असतं, तर उद्यापासून तिच्या शब्दाला काडीची किंमत उरली नसती. शेवटी दार उघडलं. पण ताई छत्री घेऊन बाहेर आली आणि तिने दार मागे ओढून घेतलं.

"सरक जरा," ती म्हणाली.

छत्री एक, माणसं दोन. दोघंही चिंब भिजली. छत्री तिच्याकडे कलती करत तो म्हणाला, "व्यसनमुक्ती केंद्रात सोबत येशील?"

"उद्याच."

त्यानंतर कितीतरी महिने माझ्यावर मांजरच झोपायचं. मध्ये दोनदा त्याचा पाय घसरला. दोन्ही वेळा कुणी न सांगताच तो बाकावर येऊन बसला आणि ताईने न रागावता चहा बाहेर आणला.

परवा सकाळी तो हत्यारांची पिशवी घेऊन आला. भाचीने नेहमीचा प्रश्न विचारला. त्याने ताईपुढे मोठ्ठा श्वास सोडला.

"शी! नुसता कांदा!" ताई नाक दाबून हसली. "चल आत."

पण तो आधी गुडघ्यावर बसला आणि माझ्या आखूड पायाला लाकडाचा तुकडा बेमालूम जोडला. मग म्हणाला, "ताई, आता यालाही आत घेऊ या की."

"बाक बाहेरच राहील," ताई म्हणाली. "तू आत ये."

मित्रांनो, जुन्या वस्तू नेहमी विनवतात की आम्हाला विसरू नका. माझं मागणं उलटं आहे. मला तेलपाणी करा, पण जागचं हलवू नका. आणि सुताराला माझी आठवण असू द्या, गरज मात्र न पडो. आज मी जराही डुगडुगत नाही. आतून मामा-भाचीचं हसणं ऐकू येतंय आणि माझ्यावर मांजर झोपलंय.