दसऱ्यानंतरचा समुद्र

"बीच पण पायजे आन् जंगल पण," तो माणूस खुर्ची पुढे ओढत म्हणाला. "दोन्ही एकाच जागी. हनिमून आहे भाऊ, अष्टविनायक नाई."

सोबतची मुलगी हसली. "जंगल तर आपल्या घरामागं पण आहे."

"थे जंगल वेगळं. तिथी समुद्राला लागून झाडं असतात. फोटो पाहिला ना तू?"

डोमा लेनगुरेचं दुकान चंद्रपूरच्या बसस्टँडमागे होतं. रेल्वेची तिकिटं, विमानाची तिकिटं, ताडोब्याची सफारी, काशी-रामेश्वरच्या यात्रा, सगळं तो करून द्यायचा. नवीन लग्नाची जोडपी आली की तो आधी चहा सांगायचा. त्या दिवशीही त्याने चहा सांगितला. पण समोरच्या माणसाचं दुसरं वाक्य संपायच्या आत त्याने त्याला ओळखलं होतं. चेहरा त्याने कधी जवळून पाहिला नव्हता. आवाज मात्र फोनवर ऐकलेला तोच होता.

"नाव काय म्हणता?" डोमाने विचारलं.

"प्रफुल. मुलचेऱ्याचा आहो. पहिले एकच बोलेरो होती आपल्याजवळ, आता गाड्यांची लाईन लागली आहे. आन् ह्या दिव्यानी. ऊर्जानगरच्या. सासरे पॉवर स्टेशनमध्ये आहेत."

"लग्न कधी?"

"तुळशीचं लगन झालं का आमचं."

डोमाने मान खाली घालून कॉम्प्युटर सुरू केला. 

त्याच्या बायकोला, मनकर्णाला, जाऊन दोन पावसाळे झाले होते. ती माहेरी गेली होती, मुलचेऱ्याच्या पलीकडे, नाल्यापलीकडच्या गावात. श्रावणात पोटात दुखायला लागलं. आधी काढा झाला, मग गोळी झाली, मग ती गुडघे पोटाशी घेऊन ओरडायला लागली. डोमा तिथेच होता. सासऱ्यांनी शेजारच्याचा ट्रॅक्टर दारात उभा केला. जंगलातल्या लांबच्या रस्त्याने अहेरीला न्यायचं ठरलं होतं. तेवढ्यात कोणीतरी प्रफुल बोलेरोवाल्याचा नंबर दिला. डोमाने फोन लावला.

"रपटा चालू आहे," फोनवरचा माणूस म्हणाला होता. "पाणी उतरलं. मी गाडी घेऊन येऊन राह्यलो. तुमी बाईले नाल्यावर आणा. टेन्शन नका घेऊ, आपलं बोलणं म्हणजे बोलणं."

ट्रॅक्टर परत पाठवला. मनकर्णाला खाटेवर टाकून चौघांनी नाल्यावर नेलं. रपट्यावर, नाल्यावरच्या त्या बुटक्या पुलावर, पाणी कमरेच्या वर होतं आणि पलीकडे गाडी नव्हती. फोन लावला तर उचलला जाईना. भर पावसात खाटेवर प्लास्टिक धरून ते उभे राहिले. आता येईल, आता येईल, असं करत संध्याकाळ झाली. ती "पाणी द्या" म्हणाली, मग तेही म्हणायची थांबली. डॉक्टरांनी नंतर सांगितलं, पोटातलं आतडं फुटलं होतं. वेळेत आणलं असतं तर साधं ऑपरेशन होतं. प्रफुल त्या वेळी पूर पाहायला आलेल्या नागपूरच्या पाहुण्यांना गाडीतून फिरवत होता, हे गावाला दुसऱ्या दिवशी कळलं. तेरवीपर्यंत डोमा त्याची वाट पाहत होता. मारायला नव्हे. तो येऊन काय बोलतो ते ऐकायला. तो आला नाही.

आणि आता तो समोर बसून चहा पीत होता.

"अंदमान करा," डोमा म्हणाला. "पोर्ट ब्लेअरला गर्दी असते. मी तुमाले पुढचं बेट देतो, लहान. एका बाजूले समुद्र, मागे घनदाट जंगल. झोपडीत राहाचं. फोनची रेंज नाई, टीव्ही नाई."

"हे पायजे होतं," प्रफुल दिव्यानीकडे बघून म्हणाला. "पाहा, समजदार माणूस भेटला."

"तिथं जायचं कसं?" दिव्यानीने विचारलं.

"बोटीनं."

"पावसाचं काही नाई ना?"

डोमाने उत्तर दिलं नाही. त्याला द्यावंच लागलं नाही.

"काय बोलतेस," प्रफुल हसला. "दसरा होऊन गेला. आता कुठला पाऊस? आपल्या वावरात धान कापून राह्यले लोक."

झाडीपट्टीतल्या माणसाचा हिशोब हाच. पोळ्याला नाले भरलेले, दसऱ्याला उतरलेले, तुळशीच्या लग्नानंतर आभाळ कोरडं आणि मांडव उभे. साऱ्या जगाचं आभाळ आपल्या वावरावरच्या आभाळासारखंच चालतं, असं इथला माणूस धरून चालतो. पण बंगालचा समुद्र दसरा पाळत नाही. तिकडची मोठी वादळं दसऱ्यानंतरच उठतात, थेट मार्गशीर्षापर्यंत. कधीकधी त्यांचं शेपूट इथपर्यंत येतं आणि कापून ठेवलेलं धान भिजवतं. लोक त्याला अवकाळी म्हणतात आणि विसरतात. डोमाचा धंदाच तो असल्याने त्याला माहीत होतं. त्या दिवसांत तिकडे जाणाऱ्या प्रत्येकाला तो आधी हेच सांगायचा: जायचं तर जा, पण मोठ्या बेटावर राहा, परतीला एक-दोन दिवस हातचे ठेवा, वादळ उठलं की बोटी बंद होतात.

यांना त्याने ते सांगितलं नाही. उलट सगळ्यांत दूरची झोपडी शोधली. परतीची बोट आणि विमान यांच्यात एक रात्रही मोकळी ठेवली नाही. जितकं दूर, जितकं एकटं, तितकं तो पुढे सरकवत गेला आणि प्रफुल प्रत्येक गोष्टीला "मस्त, मस्त" म्हणत गेला.

ते गेल्यावर डोमाने दोघांच्या चहाचे कप स्वतः विसळले. बऱ्याच दिवसांनी त्याला भूक लागली.

दिवाळीला तो सासुरवाडीला गेला. मनकर्णा नसली तरी दिवाळीला जायचं त्याने सोडलं नव्हतं. सासू सत्यशीलाबाई अंगणात सुपाने धान पाखडत होत्या. कुंपणाला टेकून शेजारच्या मंडलबाई पान चघळत उभ्या होत्या. त्यांचं कुटुंब बंगालातून येऊन इथे वसलं, त्याला आता पिढी उलटली.

"मंडलबाई," डोमाने विचारलं, "तुमच्याकडचं वादळ कसं असते जी?"

"आमी कुठं बघितला, बाबा? माझी सास सांगत होती. कार्तिकचा समुद्र म्हंजे एकदम गोड. दोन दिवस पोरासारखा पायाशी खेळतो. मग घरात येतो. माणूस झाडाला स्वतःला बांधून घेतो, साडीनं."

"आन् मंग?"

"मंग काय. झाड राहिला तर माणूस राहिला."

त्या पान थुंकून निघून गेल्या. सत्यशीलाबाईंनी सूप थांबवलं. "काऊन विचारून राह्यले तुमी?"

"थो प्रफुल माझ्या दुकानात आला होता."

सूप मांडीवरच राहिलं. "मंग? बसवलं असन तुमी. चहा पाजला काय?"

"पाजला."

"बरं केलं. माझ्या पोरीले पाणी भेटलं नाई, त्याले चहा भेटला."

डोमाने ते ऐकून घेतलं. मग त्याने सगळं सांगितलं. बेट, झोपडी, बोट, वादळाचे दिवस. सांगताना त्याचा आवाज हळूहळू वर गेला, पोराने परीक्षेतले मार्क सांगावे तसा. सत्यशीलाबाई ऐकत राहिल्या. एकदा त्यांच्या तोंडावर काहीतरी चमकून गेलं, ते डोमाला दिसलं आणि बरं वाटलं.

"सोबत पोरगी बी जाऊन राह्यली ना?" त्यांनी विचारलं.

"हाव."

"कोनाची आहे?"

"ऊर्जानगरची."

त्या पुन्हा पाखडायला लागल्या. भूस उडून डोमाच्या पँटवर येत होतं. "मंग मले नका सांगू, जावईबापू," त्या म्हणाल्या. "सांगाचं नव्हतं मले."

परत येताना एसटीत डोमा स्वतःशीच भांडत होता. मनकर्णा पण कोणाची तरी पोरगीच होती. तिच्या वेळेला कोणी विचारलं? शिवाय वादळ येईलच असं कुठे आहे? तो काही वादळ पाठवत नव्हता. फक्त गप्प बसला होता. प्रफुल तर बोलला होता. खोटं बोलला होता. गप्प बसणं त्यापेक्षा बरंच, असं त्याने स्वतःला पटवलं आणि चंद्रपूर येईपर्यंत ते पटलेलं राहिलं.

लग्न तोंडावर आलं तेव्हा दिव्यानी एकटीच दुकानात आली. तिचं विमानाचं तिकीट काढायचं राहिलं होतं, त्यासाठी आधारकार्डाची झेरॉक्स द्यायला. ती बसली, दम घेतला, पिशवीतून निळा पंप काढून तोंडात मारला आणि मग बोलली.

"भाऊ, एक विचारू? त्या बेटावर दवाखाना आहे ना?"

डोमाने तिच्या हातातल्या पंपाकडे बोट दाखवलं. "हे काय आहे?"

"दमा. लहानपणापासून आहे. पंपानं भागते. एखादवेळी नाई भागत, मग ऑक्सिजन लावावा लागतो. मागच्या हिवाळ्यात लावला होता." तिने पंप पिशवीत टाकला. "यांना विचारलं तर म्हणाले, मी डोमाभाऊंशी बोललो, तिथं दवाखाना आहे, बोट दिवसभर चालू असते, टेन्शन नको घेऊ. म्हणून म्हटलं तुम्हालाच विचारते."

"कधी बोलले थे?"

"काल. फोनवर, म्हणाले."

काल प्रफुलचा फोन आलाच नव्हता. दिवाळीपासून आला नव्हता.

डोमा खुर्चीतून उठला आणि पुन्हा बसला. समोर एक पोरगी होती, जिला प्रफुलने सांगितलं होतं की रस्ता चालू आहे. आणि रस्ता बंद आहे हे माहीत असलेला एकच माणूस होता, तो गप्प बसला होता.

"त्यांना फोन लावा," तो म्हणाला. "आत्ता इथी या म्हणावं. गावातच आहेत ना?"

"मार्केटला आहेत. काय झालं?"

"येऊ द्या."

प्रफुल आला तो हसत. "काय भाऊ, बायकोनं प्लॅन बदलला का?"

"बसा," डोमा म्हणाला. "ह्या विचारून राह्यल्या, तिथी दवाखाना आहे का. तुमी काय सांगितलं?"

"आहे ना. असनच. टुरिस्टची जागा आहे."

"माझ्याशी बोलले म्हणे काल."

"अरे, बोललो म्हंजे..." प्रफुलने दिव्यानीकडे पाहिलं. "ही लहान लहान गोष्टीचं टेन्शन घेते. म्हून म्हटलं. त्यात काय एवढं?"

"दवाखाना नाई तिथी. आन् या दिवसांत तिकडे वादळं असतात. बोट बंद पडली तर किती दिवस बंद राहीन, देवाले माहीत."

"मंग पहिले काऊन नाई सांगितलं?"

"तुमीपण नव्हतं सांगितलं," डोमा म्हणाला. "मुलचेऱ्याच्या नाल्यावर पाणी कमरेच्या वर होतं. तुमी म्हणाले, उतरलं. मी गाडी घेऊन येऊन राह्यलो. आमी ट्रॅक्टर परत पाठवला. तुमी पाहुण्यांना पूर दाखवत फिरत होते."

प्रफुल कपाळाला आठ्या घालून त्याच्याकडे बघत राहिला. तो खरंच आठवत होता. डोमाने त्याच्या डोळ्यांत घाबरण्याची वाट पाहिली, चोरी सापडल्यासारखं काहीतरी. तिथे तसलं काहीच नव्हतं.

"कोनती बाई होती थे?" शेवटी प्रफुलने विचारलं. "असे फोन तर पावसाळ्यात रोजच येत होते, भाऊ. सगळ्यांले येतो म्हणाच लागते. धंदा आहे."

दिव्यानीने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. तिने हे ऐकावं, हेच डोमाला पाहिजे होतं. त्याने कितीही शोधला असता तरी असा शब्द त्याला सापडला नसता. प्रफुलने तो स्वतःच्या तोंडाने दिला होता.

"माझी बायको होती," डोमा म्हणाला. "मनकर्णा. खाटेवर मेली. तुमची वाट पाहून."

प्रफुल काहीतरी पुटपुटला, वाईट झालं, माहीत नव्हतं, पावसात फोन लागत नाही. मग दिव्यानीला म्हणाला, "चल, दुसरीकडून करू बुकिंग."

"तुम्ही जा," ती म्हणाली. "मी बाबांना बोलावते इथं."

"दिव्या, याचं ऐकून तू..."

"यांचं नाई ऐकून राह्यली. तुमचं ऐकलं ना आता."

तो दाराबाहेर पडला. मग त्याची गाडी सुरू झाली, गर्दीत हॉर्न वाजवत गेली. डोमाच्या छातीत एक ऊब पसरली. हे लग्न होणार नाही, किंवा झालं तरी ही बाई त्याच्या शब्दावर पुन्हा कधी पाऊल टाकणार नाही. समुद्रानेही एवढं केलं नसतं.

दिव्यानीने वडिलांना फोन केला. ठेवला. मग ती डोमाकडे वळली.

"तुम्हाला पहिल्या दिवशीच माहीत होतं ना," ती म्हणाली. "वादळाचं."

"हाव."

"मला दमा नसता तर?"

खोटं बोलता आलं असतं. प्रफुल बोलला असता. ती वाट पाहत होती आणि डोमाला कळत होतं की याचं उत्तर तिला कुठल्याही दवाखान्यापेक्षा जास्त पाहिजे आहे.

"पाठवलं असतं," तो म्हणाला.

तिने मान हलवली. पिशवी उचलली, टेबलावरची आधारकार्डाची झेरॉक्स घेऊन घडी केली आणि पिशवीत टाकली.

"तुमच्या बाईचं लय वाईट झालं, भाऊ," ती म्हणाली. "पण मी तुमचं काय केलं होतं? मी बाबांची वाट बाहेर पाहते."

बाहेर ऊन होतं. सावलीची जागा दुकानाच्या आतच होती, तरी ती पायरी उतरून रस्त्याच्या कडेला जाऊन उभी राहिली. डोमाला उठून खुर्ची बाहेर नेऊन द्यावीशी वाटली. पण ती घेणार नाही हे त्याला माहीत होतं. त्याने कॉम्प्युटरवर बेटाचं बुकिंग उघडलं आणि रद्द केलं. प्रफुलबद्दल त्याला काडीचंही वाईट वाटत नव्हतं, आणि वाटेल अशी त्याची इच्छाही नव्हती. फक्त दारातून ती दिसत होती, पिशवी छातीशी धरून उभी, आणि तिचे वडील येईपर्यंत त्याने तिकडून नजर काढली नाही. दम लागला तर धावता यावं, म्हणून.