बुडाला अंगठा लावून बघा

मी शिंग बोलतोय. गाईम्हशीचं नव्हे. त्यांचं एकदा आलं की मरेपर्यंत डोक्यावर. मी हरणाचं. आम्ही दरसाल उगवतो, दरसाल गळतो, आणि एकदा गळून पडलो की माणसाच्या डोक्यात शिरतो. मी डावं. माझा उजवा भाऊ तिकडे दाराशी टांगलाय. त्याच्याकडे बघितलं की माझा संताप संताप होतो.

ज्याच्या डोक्यावर आम्ही दोघे वाढलो, त्याला गावानं पाद्रीबाबा असं नाव ठेवलं होतं. पानगळीच्या दिवसांत माजावर आला की तो असा घुमायचा, की पलीकडच्या दरीतली कुत्री भुंकायला लागायची. गावातले लोक म्हणायचे, चर्चमधल्या म्हाताऱ्या पाद्र्याचं प्रवचनही एवढं लांबत नाही. आमच्या या बिएश्चादीच्या डोंगरांत त्याच्याएवढा नर दुसरा नव्हता.

मी त्याच्या कपाळावर फुटलो तेव्हा मऊ होतो, कोमट होतो. अंगावर लव होती आणि आत रक्त खेळत होतं. चाऱ्यातून मिळणारं पुरेना, म्हणून त्यानं स्वतःच्या बरगड्या झिजवून मला वाढवलं. हे लक्षात ठेवा. पुढे मी टणक झालो, मला टोकं फुटली, माझ्या जिवावर त्यानं भांडणं जिंकली. हिवाळा सरत आला की आमची पकड आपोआप सुटते. मग पाल्यात पडून राहायचं, उंदरांनी, खारींनी, पोटुशा हरणींनी कुरतडायचं, आणि ज्या रानानं दिलं त्याच्याच पोटात परत जायचं. एवढं साधं आयुष्य आमचं. पण माणसाला कुठलीच गोष्ट पडलेली बघवत नाही.

शिंगं वेचायला येणारी माणसं नाना तऱ्हेची. काही जण किलोवर विकतात. गाडी येते, आम्हाला पोत्यात कोंबते, आणि शहरातली गुबगुबीत कुत्री सोफ्यावर बसून आमचे तुकडे चघळतात. कुणी सुरीची मूठ करतं, कुणी कोटाची बटणं. कुणी आमचं झुंबर करून हॉटेलात टांगतं, आणि त्याखाली लोक हरणाचंच मांस खातात. कुणी भुकटी करून दुधातून घेतं, म्हणे अंगात रग येते. घ्या बापडे. यांच्यावर माझा राग नाही. पोटासाठी चाललंय, किंवा मूर्खपणापायी चाललंय.

माझा राग आहे तो 'प्रेम' करणाऱ्यावर. झेनोनवर.

झेनोन म्हणजे माझा मालक. जन्मभर जंगलातले ओंडके ओढायचा ट्रॅक्टर चालवला आणि आता घरी बसलाय. त्यानं शिंगाचा तुकडासुद्धा कधी विकला नाही, आणि हे तो दिवसातून एकदा तरी कुणाला तरी ऐकवतोच. बैठकीच्या एका भिंतीवर फक्त पाद्रीबाबा. पहिल्या वर्षाची काडीसारखी जोडी, मग दुसऱ्या वर्षाची, मग तिसऱ्या, अशी चढत चढत. एका हरणाचं सगळं आयुष्य एकही खाडा न पडता भिंतीवर लावायचं, हा त्याचा ध्यास. पाहुणा आला की त्याला समोर बसवून म्हणायचा, "याला मी पोरासारखा वाढताना पाहिलाय."

पोरासारखा म्हणे.

आता एक गोष्ट सांगतो, ती नीट ऐका, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. इथला शिंगं वेचणारा कुणीही शिंग हातात आलं की टोकं मोजत नाही. आधी ते उलटं करतो आणि बुडाला अंगठा लावतो. आपणहून गळलेल्या शिंगाचं बूड फुगीर असतं, जाड्या मिठासारखं खरखरीत. ते डोळ्यांपेक्षा अंगठ्याला आधी कळतं. शेकहँड करावा तितक्या सवयीनं ही माणसं अंगठा लावतात.

झेनोनची बायको हालिना. ती शिंगं वेचणाऱ्याच्याच घरात वाढली, पण तिला भिंतीचं वेड नाही. कडक थंडीत पाद्रीबाबा तिच्या मागच्या बागेत यायचा. ती कुंपणाशी सुरकुतलेली सफरचंदं टाकून ठेवायची आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत राहायची. तिचा भाऊ बोलेक शेजारीच राहतो. तोही वेचणारा, आणि जिभेला हाड नाही. एरवी झेनोनला नावानं हाक मारतो, टोमणा मारायचा असला की 'दाजी' म्हणतो.

त्या वर्षी थंडी संपता संपेना. बर्फ वरून थोडा वितळे, पुन्हा गोठे, आणि त्यावर काचेसारखी कडक साय धरे. हरणांचे पाय त्यातून आत जात आणि नडग्या सोलून निघत. एक दिवस बोलेक कोबीचं सूप प्यायला आला आणि म्हणाला, "काय दाजी, यंदा पाद्रीबाबाचा प्रसाद कुणाच्या पदरात? मी उद्यापासून निघतोय."

झेनोनचा चमचा थांबला. हालिनानं ते बघितलं.

"कुणी कुठे निघत नाही," ती म्हणाली. "बर्फ जाईपर्यंत रानात पाऊल टाकायचं नाही. जनावरांना भुकेनं उभं राहवत नाही, आणि तुम्ही त्यांना पळवायला निघालात? बोलेक, तुला सांगते. आणि झेनोन, तू मला शब्द दे."

"अगं, मी कशाला पळवीन त्याला," झेनोन म्हणाला. "माझा तो."

"शब्द दे."

त्यानं दिला. बोलेकनंही दिला आणि पाळला, हे त्याच्या बाजूनं सांगायला हवं. झेनोननं तो दोन दिवससुद्धा पाळला नाही. जळण आणतो म्हणून बाहेर पडला.

मी आदल्या संध्याकाळी गळलो होतो, ओढ्याच्या वर, एका फरच्या झाडाखाली. भाऊ अजून घट्ट होता. आमच्यात असं होतं, दोघे एकाच वेळी पडत नाहीत. थोडे दिवस मागेपुढे चालायचंच. झेनोनला मी सापडलो तेव्हा तो गुडघ्यांवर बसला, माझ्या बुडाला अंगठा लावला आणि हसला. मग त्यानं पुढे गेलेले ठसे पाहिले. तिथूनच मागे फिरला असता तर मी आज त्याच्या भिंतीवर मुकाट्यानं राहिलो असतो.

त्यानं मला सॅकला बांधलं आणि ठशांच्या मागे निघाला.

म्हणजे बघा, ज्या डोक्यावर मी वाढलो त्याचाच पाठलाग मी शिकाऱ्याच्या पाठीवर बसून केला. पाद्रीबाबा एका बाजूला मान कलवून चालत होता, कारण वजन एकाच बाजूला उरलं होतं. झेनोन दिसला की पळायचा, दमून थांबायचा, पुन्हा झेनोन दिसायचा. बर्फावर ठशांच्या आत रक्त दिसायला लागलं. झेनोनलाही ते दिसलं. पण वेचणाऱ्यांना एक डाव माहीत असतो. हरणाला आडव्या फांद्यांतून काढायचं, चरावरून उडी घ्यायला लावायची, म्हणजे हिसक्यानं शिंग निखळतं. झेनोन टाळ्या वाजवत मागून ओरडत होता, "टाक रे बाबा, टाक. टाक म्हणजे तूही सुटशील, मीही सुटेन."

अहो, तो काय हट्टानं धरून बसला होता? पिकलेलं फळ झाडावरून पडतं, झाडाला धमकावून पडत नाही.

पाद्रीबाबानं ओढ्यावरून उडी घेतली. पलीकडच्या काठावर मागचे पाय बर्फाच्या सायीतून खाली गेले आणि तो कुशीवर कोसळला. उठायचा प्रयत्न केला, मग केला नाही. झेनोन त्याच्यापासून थोडा दूर, बर्फावर बसून राहिला. रडला. त्याचं नाव घेऊन रडला. मी पाठीवर होतो, ते हुंदके मला कळत होते, आणि मला त्यांची यत्किंचितही कीव आली नाही.

श्वास थांबल्यावर तो उठला आणि भावाला हलवून बघितलं. भाऊ हलला नाही. मेलेलं हरीण शिंग टाकत नाही. टाकायला जीव लागतो. तेव्हा या माणसानं डोळे पुसले आणि जळणासाठी आणलेली करवत काढली. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणं म्हणतात ते मी त्या दिवशी जवळून पाहिलं.

पुढचे काही दिवस तो मागच्या पडवीत दार लावून कानस घेऊन बसला. मला शेजारी नमुना म्हणून ठेवलं होतं. भावाच्या बुडाचं कापलेलं हाड घासून गोल केलं, पॉलिश पेपर मारला, चहाच्या पाण्यात आणि काजळीत बुडवून रंग आणला. माझ्याकडे बघायचा, पुन्हा घासायचा. आकार जमला, रंग जमला. खरखर काही जमली नाही. बर्फ गेल्यावर त्यानं आम्हा दोघांना बुडं टेकवून भिंतीवर ठोकलं आणि हालिनाला सांगितलं, आजच रानात सापडले.

आणि रोज हालिना बागेत सफरचंदं टाकत होती. बर्फ गेला, कुंपणाशी सफरचंदं सडली, त्यांवर पक्षी बसायला लागले.

"यंदा आलाच नाही रे," ती म्हणायची.

"डोंगरापलीकडे गेला असेल. नर भटकतात," झेनोन म्हणायचा, आणि तिनं वाढलेलं जेवायचा. हे मी भिंतीवरून ऐकलं. त्याच्या घशात एकही घास अडकला नाही.

वसंतात गावच्या अग्निशामक दलाच्या हॉलमध्ये शिंगांचं प्रदर्शन असतं. पावासारखे फुगीर गोड केक, कॉफी, आणि लांब टेबलांवर जोड्या मोकळ्या मांडलेल्या, ज्याला हवं त्यानं उचलून अंगठा लावावा. सगळ्यांच्या मोकळ्या. एकट्या झेनोननं मात्र पाद्रीबाबाच्या सगळ्या जोड्या एका भल्या मोठ्या फळीवर स्क्रूनं आवळल्या होत्या, बुडं लाकडाला चिकटवून. चोराच्या मनात चांदणं.

लोक फळीभोवती जमले, वाहवा झाली. बोलेक मात्र बराच वेळ बघत राहिला.

"दाजी," तो म्हणाला, "पाद्रीबाबाला असा भिंतीकडे तोंड करून का उभा केलाय? शाळेत शिक्षा केल्यासारखा?"

"हलवताना पडतात म्हणून," झेनोन म्हणाला.

"इतकी वर्षं नाही पडली ती?"

माणसं हसली. हालिनाला भावाचा राग आला. नवऱ्याची बाजू घ्यायला ती पुढे झाली, हेच मला अजून सहन होत नाही. "काढून दाखव ना त्याला," ती झेनोनला म्हणाली. "एकदाचं तोंड बंद होईल याचं."

"राहू दे गं."

"का राहू दे? तुझी इतक्या वर्षांची मेहनत." तिनं टेबलावरची केक कापायची सुरी उचलली, टोक स्क्रूत घातलं आणि फिरवायला लागली. झेनोन तिचा हात धरू शकला असता. धरला नाही. ती आधी मला सोडवून बोलेकच्या हातात देणार होती, पण माझा स्क्रू घट्ट होता. भाऊ आधी सुटला.

तिनं तो उलटा केला. लहानपणापासूनची सवय, अंगठा आपोआप गेला. मग तो तिथेच थांबला. तिनं पुन्हा एकदा फिरवून बघितला, सावकाश. हॉलमध्ये ज्यांना कळायचं त्यांना तिच्या चेहऱ्यावरून कळलं. बोलेकनं हात पुढे केला होता, तो मागे घेतला आणि मान खाली घातली.

"मी रोज सफरचंदं टाकत होते," हालिना म्हणाली. "तू बघत होतास."

झेनोन म्हणाला, "आणखी थोडेच दिवस होते गं. बोलेकनं नेलं असतं."

एवढंच त्याला सुचलं. बोलेकनं नेलं असतं.

घरी आल्यावर हालिनानं बाकीच्या जोड्या होत्या तशा परत भिंतीवर लावल्या. मला माझ्या जागी लावलं. भावाला मात्र बाहेरच्या दाराशी, टोपी अडकवायच्या खुंटीशेजारी ठोकलं, टोकं भिंतीकडे आणि बूड बाहेर. घरात शिरणाऱ्याचा हात आधी तिथे जातो. पोस्टमन आला, त्यानं अंगठा लावला आणि आत न येताच गेला. शेजारीपाजारी आले, त्यांनीही लावला. झेनोन टोपी काढतो ती आता खिशात ठेवतो.

एकदा तो म्हणाला, "काढ ते तिथून."

हालिना बटाटे सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "तू काढ. तुला काढायची सवय आहे."

त्यानं काढलेलं नाही. भाऊ अजून तिथेच आहे, मी इथे आहे, आणि एका डोक्यावरचे आम्ही दोघे एका घरात राहून एकमेकांना परके झालोय.

तेव्हा माझं एवढं ऐका. कुणाच्या घरी गेलात आणि भिंतीवर आमची जोडी दिसली, तर टोकं मोजत बसू नका. घरधनी प्रेमाच्या गोष्टी सांगायला लागला, तर त्याही सांगू द्या. तुम्ही फक्त उठा, आणि बुडाला अंगठा लावून बघा. खरखरीत लागलं, तर बसा, सूप प्या, गप्पा मारा. गुळगुळीत लागलं, तर त्या घरचं पाणीही पिऊ नका.